‘अब्बा, आता आराम करा’

गेल्या पावसाळ्यात अब्बांना डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात गेले आणि पुढचे जवळजवळ दोन आठवडे घरी पलंगावर. ताप उतरला, प्लेटलेट्स वाढल्या, ‘आता काळजीचे कारण नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही अल्लाहचे आभार मानले. त्यानंतरच्या जुम्म्याला अब्बा मशिदीत गेले. परत आले ते कोणाशी न बोलता ओटीवर बसून राहिले. रात्री अम्मीला म्हणाले, “सजद्यातून उठायलाच येईना. बाजूच्या पोराने काखेत हात घालून उठवलं.” पुढच्या जुम्म्यापासून ते खुर्चीवर बसून नमाज पढू लागले.

हे वाचताना अनेकांना आपल्या घरातले कोणी आठवेल. पण अब्बांची गोष्ट आम्हाला जास्त लागली, कारण ते ३४ वर्षे पोस्टमन होते. आमच्या कोकणातल्या चढउताराच्या रस्त्यांवर सायकलीला टपालाची थैली लटकवून ते दिवसाला वीसेक किलोमीटर फिरत. पावसात सायकल चालवण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागे. साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले, त्या दिवशी भाईजानने कुवेतहून फोन केला, “अब्बा, आयुष्यभर पायपीट केलीत. आता आराम करा.” आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यांना आराम दिला. विहिरीवर पंप बसला. बाजारहाट पुतण्या मोटारसायकलवरून करू लागला. दूध, अंडी, मासळी दारात येऊ लागली. ओटीवर आरामखुर्ची आली, तिच्यासमोर टीव्ही आला. गुडघ्यांना त्रास नको म्हणून दस्तरखान गुंडाळून जेवणाचे टेबल आणले. सायकल मागच्या पडवीत गेली आणि तिच्या दांडीवर संध्याकाळी कोंबड्या बसू लागल्या.

अशी नऊ वर्षे गेली. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. उलट, जो मुलगा बापाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, त्यालाच आपल्याकडे चांगला मुलगा म्हणतात.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पेशीची आकृती फळ्यावर काढून त्यातल्या तंतुकणिका दाखवते, ‘हे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असे मुलांकडून पाठ करून घेते. पण ती ऊर्जाकेंद्रे अब्बांच्या मांडीतही आहेत आणि नऊ वर्षे आम्ही ती एकेक करून बंद पाडत होतो, हे माझ्या ध्यानात यायला मशिदीतली ती खुर्ची लागली. मग मी शोधून शोधून वाचायला लागले.

मांडीतले काय जाते?

आपल्या मांडीचा पुढचा मोठा स्नायू म्हणजे काही लाख बारीक तंतूंची जुडी असते. यांतले काही तंतू संथ असतात. ते लवकर थकत नाहीत. उभे राहणे, चालणे, चढ चढणे ही कामे मुख्यतः त्यांची. दुसरे तंतू चपळ असतात. ते पटकन जोर लावतात आणि पटकन थकतात. जमिनीवरून उठताना, ठेच लागल्यावर तोल सावरताना हे चपळ तंतू कामी येतात. वयाबरोबर दोन्ही प्रकारचे तंतू संख्येने घटतात आणि चपळ तंतू तर बारीकही होत जातात. म्हातारा माणूस तासभर उभा राहू शकतो, पण जमिनीवरून उठताना त्याला हात लागतो. त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

स्वीडनमधील संशोधकांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १५ ते ८३ वर्षे वयाच्या ४३ मृत पुरुषांचा मांडीचा स्नायू आडवा कापून मोजला होता. त्यांना असे दिसले की ही घट पंचविशीच्या आसपासच सुरू होते. पन्नाशीपर्यंत ती साधारण दहा टक्के असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यानंतर वेग वाढतो आणि ऐंशीपर्यंत स्नायूचा सुमारे ४० टक्के भाग गेलेला असतो. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या मांस आणि उणीव या दोन शब्दांपासून ते बनवले आहे. इतक्या जुन्या दुखण्याला नाव मिळायला इतकी वर्षे लागली, कारण तोपर्यंत त्याला सगळे ‘वय झाले’ एवढेच म्हणत होते.

वय होतेच, ते कोणाला चुकलेले नाही. पण अब्बांच्या पायांतून जे गेले त्यात वयाचा वाटा किती, डेंग्यूचा किती आणि आमच्या आरामखुर्चीचा किती?

अंथरुणाचा हिशोब २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सापडतो. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्यांना कोणताही आजार नव्हता, खाणेपिणे व्यवस्थित होते. तरी दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांतले सरासरी जवळजवळ एक किलो मांस गेले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी घटली. अब्बा तीन आठवडे पडून होते, अंगात ताप होता आणि पोटात पेजेशिवाय काही ठरत नव्हते.

पाच तरुण, तीस वर्षांनी

तरीही ज्या अभ्यासाने मला रात्री झोपू दिले नाही तो याहून जुना आहे. १९६६ च्या उन्हाळ्यात टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी वीस वर्षांचे पाच निरोगी तरुण निवडले आणि त्यांना २० दिवस पलंगावर झोपवून ठेवले. स्वतःच्या पायावर उभे राहायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. आधी आणि नंतर त्यांचा दमसास मोजला, म्हणजे पूर्ण जोर लावला असता शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते ते पाहिले. वीस दिवसांत तो सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. मग आठ आठवडे त्यांच्याकडून भरपूर व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्वीच्याही वर गेला.

इथे ही गोष्ट संपली असती. पण तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते. वजने वाढली होती आणि अंगातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. पुन्हा दमसास मोजला. तीस वर्षांत झालेली घट विसाव्या वर्षी वीस दिवसांत झालेल्या घटीच्या निम्मीही नव्हती. तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले नाही, तेवढे तीन आठवड्यांच्या पलंगाने नेले होते!

मग या पन्नाशीच्या पाच जणांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. भरभर चालणे, सावकाश धावणे आणि जागच्या जागी चालवायची सायकल, एवढेच. शेवटी शेवटी तो आठवड्याला साडेचार तासांपर्यंत गेला. सहा महिन्यांनी त्यांचा दमसास विसाव्या वर्षी अंथरुणात पडण्याआधी होता तिथे परत आला. विसाव्या वर्षी व्यायामाने जी उंची गाठली होती तिथपर्यंत मात्र तो गेला नाही, हेही सांगायला हवे.

माझ्यासारख्या विज्ञानाच्या बाईला पुढची गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. दमसास दोन गोष्टींवर ठरतो. हृदय किती रक्त पाठवते ही एक, आणि आलेल्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात ही दुसरी. पन्नाशीच्या या पाच जणांचे हृदय सहा महिन्यांनंतरही जवळजवळ पूर्वीइतकेच रक्त पाठवत होते. फरक पडला होता तो स्नायूंत. त्याच रक्तातून ते जास्त प्राणवायू उचलायला शिकले होते. म्हणजे वय वाढल्यावर दम परत आणण्याचे काम मुख्यतः पायच करतात.

स्नायू हे ‘शिकतात’ म्हणजे काय होते? याचे पहिले ठोस उत्तर सेंट लुइसचे डॉ. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये दिले. त्यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर रोज पळवले, वेळ वाढवत वाढवत दोन तासांपर्यंत नेली आणि काही आठवड्यांनी त्यांचे स्नायू तपासले. त्यांतल्या तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता दुप्पट झाली होती. पुढे माणसांतही हेच दिसले. दमसासाचा व्यायाम चालू ठेवला की स्नायूच्या पेशीत नव्या तंतुकणिका बनतात, जुन्या मोडक्या काढून टाकल्या जातात आणि प्रत्येक तंतूभोवती रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात. सत्तरी ओलांडलेल्या स्नायूतही हे होते. वेग कमी असतो, पण स्नायू नकार देत नाही. व्यायाम सोडला की काही आठवड्यांतच हे सारे उतरणीलाही लागते, म्हणून ‘दोन महिने केला, आता पुरे’ हा हिशोब इथे चालत नाही.

आपल्या घरांत मधुमेह इतका आहे की त्याबद्दल इथे दोन शब्द सांगणे भाग आहे. जेवल्यानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे हाडांवरचे स्नायू. ते आटले की साखर ठेवायला जागा कमी पडते. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनने दार ठोठावण्याची वाट पाहत नाही, तो स्वतःच साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालण्याला अर्थ आहे. आमच्याकडे बिर्याणीनंतर सगळे आडवे होतात ते पाहून आता माझा जीव कासावीस होतो. बोलले तर ‘बाईंचा तास सुरू झाला’ म्हणतात.

फ्रान्सचा सायकलवाला आणि आमचा

अब्बांना हे सगळे सांगितले. ते ऐकून घेत, मान हलवत आणि पुन्हा टीव्हीकडे पाहत. म्हणून एके दिवशी मी त्यांना सायकलवाल्याची गोष्ट सांगितली.

रोबेर मार्शां १९११ मध्ये फ्रान्समध्ये जन्मले. उंची पाच फूट. तरुणपणी एका प्रशिक्षकाने सांगितले की एवढ्याशा अंगाने तू सायकल शर्यतीत काही करणार नाहीस. मग त्यांनी आग विझवणाऱ्या दलात नोकरी केली, व्हेनेझुएलात ट्रक चालवला, कॅनडात लाकूडतोड केली. सायकलीकडे ते परतले सदुसष्टीच्या सुमारास. शंभरी पूर्ण केल्यावर २०१२ मध्ये त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. त्यानंतर संशोधक वेरोनिक बिया यांनी त्यांच्यासाठी व्यायामाचा आराखडा बनवला. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर सायकल चालवायची, त्यातले ८० टक्के अंतर अगदी सावकाश आणि २० टक्के दम लागेल इतक्या जोराने. २०१४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर अंतर कापून स्वतःचाच विक्रम मोडला. या दोन वर्षांत त्यांचा दमसास १३ टक्क्यांनी वाढला होता. शंभरीनंतर दमसास वाढू शकतो हे त्याआधी कोणी मोजून दाखवले नव्हते. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अब्बांनी सगळे ऐकले आणि विचारले, “त्याच्या सायकलीला थैली होती का?”

नव्हती, म्हटले.

“मग काय मोठंसं!” पण दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते पडवीत जाऊन सायकलीवरची कोंबड्यांची घाण खरवडताना दिसले.

एका मार्शांवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, हे मी मुलांना शिकवते तेच इथेही सांगते. असा माणूस कोटीत एक. त्याचे रक्त, त्याची हाडे, त्याचे नशीब वेगळे असू शकते. त्यापेक्षा इंग्लंडमधला एक अभ्यास जास्त भरवशाचा आहे. तिथे ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ हौशी सायकलस्वारांना तपासले. अट अशी की पुरुषांनी साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांनी साडेपाच तासांत ६० किलोमीटर सायकल चालवून दाखवावी. त्यांच्यापैकी अनेकांच्या मांडीच्या स्नायूचा कण काढून पाहिला, तर तंतूंचा आकार, केशवाहिन्या, तंतुकणिका यांतल्या बहुतेक गोष्टींचा वयाशी फारसा संबंध दिसला नाही. ७५ वर्षांच्या माणसाचा स्नायू ५५ वर्षांच्या माणसाच्या स्नायूतून ओळखून काढणे कठीण होते. दमसास मात्र त्यांच्यातही वयाबरोबर कमी होत होता. म्हणजे वयाचा हिस्सा आहे आणि तो द्यावाच लागतो. पण आपण ज्याला ‘वय’ म्हणतो त्यातला बराचसा भाग बसून राहण्याचा असतो.

आम्ही अब्बांना सायकलीवर लगेच बसवले नाही. डॉक्टरांना विचारले, छातीची तपासणी करून घेतली. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे दिवसातून तीनदा, अंगणातच. मग मशिदीपर्यंत. मग जुन्या पोस्टाच्या चढापर्यंत. मापाला आम्ही यंत्र वापरले नाही. चालताना बोलता यावे, पण नात म्हणता येऊ नये, एवढीच कसोटी. अब्बांचा आवाज चांगला आहे, चालता चालता नात म्हणायला लागले की मी मागून ओरडत असे, “अब्बा, अजून जोरात!” तिसऱ्या महिन्यात ते चाळीस मिनिटे चालत होते, त्यात तो चढ दोनदा. मधुमेहाच्या औषधाची मात्रा डॉक्टरांनी स्वतः कमी केली. हे डॉक्टरांनीच करायचे असते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस एकदम जास्त चालू लागला तर साखर धोकादायक खाली येऊ शकते, म्हणून खिशात खडीसाखर ठेवावी आणि डॉक्टरांना आधी सांगावे. चालताना छातीत दाब वाटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचे. ‘घरापर्यंत पोहोचतो आणि बघतो’ असे म्हणायचे नाही.

तरीही सजद्यातून उठताना हात लागतच होता.

इथे मला माझी चूक कळली. चालण्याने संथ तंतू सुधारतात, दम वाढतो, साखर सुधारते. उठायला मात्र चपळ तंतू लागतात आणि त्यांना वजन हवे असते. बोस्टनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्धच आहे. वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांना दोन्ही सांगते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागणारी हालचाल, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम.

आमच्याकडे वजने नव्हती. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवली आणि अब्बांनी हात न लावता तिच्यावरून उठायचे-बसायचे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. पुढे खुर्चीच्या जागी बुटका स्टूल आला, मग पाट. आणि दस्तरखान पुन्हा जमिनीवर आला. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला लावले आणि काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना हातागुडघ्यांचा जास्त आधार लागला होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते. बसण्या-उठण्यानेच आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही, तो शरीराच्या एकूण अवस्थेचा आरसा आहे. पण आपल्या आजी-आजोबांच्या घरात हा आरसा दिवसातून दहा वेळा पाहिला जायचा. आपण टेबल आणले आणि पाहणेच बंद केले.

कोणी म्हणेल, नमाजमध्ये हे सगळे आहेच. नमाज व्यायाम म्हणून पढायची नसते, आणि तिच्या हालचाली इतक्या शांतपणे होतात की त्यांनी दम वाढत नाही. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला मांडीची ताकद नसल्यामुळे खुर्ची घ्यावी लागत असेल, तर ती ताकद परत मिळवता येते. गुडघ्याची झीज, मणक्याचा आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लाजू नये आणि इतरांनी त्यांच्याकडे टक लावून पाहू नये.

आणि अम्मी?

या सगळ्या धावपळीत अम्मीकडे कोणाचेच लक्ष नव्हते, माझेसुद्धा. ‘ती तर दिवसभर घरात राबते, तिला कसला व्यायाम?’ हे वाक्य मीही म्हटले आहे. अम्मी ६४ वर्षांची. चुलीपुढे, ओट्यापुढे उभी राहून तिचे पाय सुजतात, पण तिला दम लागेल असे काम पंप बसल्यापासून उरलेले नाही. पूर्वी ती विहिरीवरून दोन हंडे आणत असे. ती कष्टाची आठवण मला गोड करून सांगायची नाही, पण तिच्या मांड्यांना तेव्हा जे मिळत होते त्याच्या जागी आम्ही दुसरे काही दिले नाही हे खरे. आणि स्नायू स्त्रियांकडे मुळातच कमी असतात, म्हणून त्यांची घट स्त्रियांना लवकर जाणवते.

अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या नऊ स्त्रियांनी बारा आठवडे जागच्या जागी सायकल चालवली. त्यांच्या मांडीच्या स्नायूचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. अभ्यास अगदी लहान आहे, पण दमसासाच्या व्यायामाने आकार वाढत नाही असे जे समजले जाई त्याला त्याने छेद दिला. म्हाताऱ्या, बसून राहिलेल्या स्नायूला सायकलसुद्धा वजनासारखीच जड वाटत असावी, असा मी त्याचा अर्थ लावते.

अम्मीची अडचण मात्र स्नायूंची नव्हती. “या वयात बुरखा घालून रस्त्यावर भरभर चालू? लोक म्हणतील कोणाच्या घरी आग लागली.” मग शेजारच्या खालांना आणि फुफूला गाठले. असरनंतर चौघी जणी आमराईच्या वाटेने निघू लागल्या. गप्पांनी वेग कमी होतो अशी माझी तक्रार होती. पण एकटी बाई चार दिवसांत थांबते, चौघी जणी थांबत नाहीत. ज्यांच्या मोहल्ल्यात अशी वाट नाही त्यांना गच्ची आहे, जिना आहे. शहरातल्या अनेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते. ती मिळवण्यासाठी सेक्रेटरीशी भांडावे.

अम्मीच्या ताटाचाही प्रश्न होता. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या रश्श्यात भात कालवून ती जेवते, मासळीचा तुकडा नातवाच्या ताटात जातो. म्हाताऱ्या स्नायूला प्रथिनांची हाक कमी ऐकू येते, म्हणून त्याला तरुणापेक्षा थोडी जास्तच लागतात. तज्ज्ञ पासष्टीपुढे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. साठ किलोच्या बाईला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. सकाळी चहा-खारी आणि रात्री पेज, यात हा हिशोब कधीच बसणार नाही. आता आमच्याकडे अम्मीचे ताट आधी वाढले जाते. ती अजूनही त्यातला तुकडा उचलून नातवाला देते, पण निदान दोन असतात त्यातला एक.

रमजानमध्ये आम्ही सगळे वेळापत्रक बदलले. रोज्यात दुपारी चालणे बंद, इफ्तारनंतर थोडे आणि तरावीहला जाता-येता पायी. महिनाभर वाढले काही नाही, पण उतरलेही नाही.

ईदनंतर भाईजानने दोघांना उमऱ्याला पाठवले. त्याने सांगून ठेवले होते की सईसाठी व्हीलचेअर घ्या, पैशाची काळजी करू नका. सफा ते मरवा साधारण ४५० मीटर, सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे जास्त, आणि त्याआधी तवाफचे सात फेरे झालेले असतात. अब्बांनी व्हीलचेअर घेतली नाही. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीनंतर ते बसले, पाणी प्याले, पुन्हा उठले. शेवटच्या फेरीत त्यांच्या पोटऱ्या कापत होत्या असे ते स्वतः सांगतात. अम्मी एकदाही बसली नाही. मरवावर पोहोचून ती त्यांची वाट पाहत उभी होती. ही गोष्ट फोनवर मला अब्बांनी नाही, अम्मीने सांगितली. दोनदा सांगितली.

मशिदीत अब्बा आता जमिनीवर नमाज पढतात. उठताना डावा तळवा अजून टेकावा लागतो. थंडीत गुडघा धरतो त्या दिवशी खुर्ची घेतात. सायकलीला नवे टायर बसवले आहेत आणि सकाळी ते तिच्यावरून जुन्या पोस्टाच्या चढापर्यंत जातात. चढावर उतरून ढकलतात. कुवेतला भाईजान ४४ वर्षांचा आहे, दिवसभर एसीत बसून असतो आणि गेल्या महिन्यात त्याच्या रक्तात साखर निघाली. रविवारी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न आता अब्बा विचारतात, “आज किती चाललास?”